दोन कुलपांचं दार

शेलटेकडीवरच्या लेण्याच्या दाराला दोन कुलपं असावीत, ही कल्पना कोंडीराम ओव्हाळची. शांतता समितीच्या कागदावर तीसेक जणांच्या सह्या आहेत. त्यांत गावचे आहेत, वस्तीवरचे आहेत, पोलीस ठाण्यातले आहेत. आता त्यांतला एकही जण ती कल्पना आपली होती असं म्हणणार नाही, आणि त्यात खोटं काही नाही. ती कोंडीरामचीच होती. त्यानं ती सभेत मांडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पण टाळ्यांची नोंद कुठं होत नसते.

कोंडीराम मूळचा अंबाजोगाईकडचा. चोविसाव्या वर्षी भोसरीला आला आणि पत्र्याच्या एका खोलीत पाच जणांत सहावा म्हणून राहिला. पहिली नोकरी एका शेडमध्ये, पॉवर प्रेसवर. त्याच्याच गावच्या धोंडीबानं त्याला तिथं चिकटवलं होतं. एका दुपारी मशीनमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला म्हणून धोंडीबानं मशीन बंद केली आणि हात आत घातला. चहा पिऊन आलेल्या दुसऱ्या माणसाला मशीन बंद दिसली, त्यानं ती चालू केली. धोंडीबाचा उजवा हात मनगटापासून गेला. तो गावी परतला, कोंडीराम इथंच राहिला.

पुढं चाकणला मोठ्या कंपनीत तो मेंटेनन्सला लागला. तिथं पहिल्याच आठवड्यात साहेबांनी प्रत्येकाच्या हातात एक लाल कुलूप ठेवलं, वर ज्याचं त्याचं नाव आणि फोटो. मशीन दुरुस्त करायची तर मेन स्विचला एक लोखंडी चिमटा लावायचा. त्या चिमट्याला सहा भोकं. मशीनमध्ये जो जो उतरणार, त्यानं एकेका भोकात आपलं कुलूप अडकवायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालायची. शेवटचं कुलूप निघेपर्यंत चिमटा उघडत नाही आणि चिमटा उघडेपर्यंत मशीन चालू होत नाही. साहेबाचा साहेब आला तरी नाही. कामगार याला लोटो म्हणतात. कोंडीरामनं ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी घरी येऊन तो रडला. एवढ्याशा चिमट्यानं धोंडीबाचा हात वाचला असता, असं त्यानं बायकोला सांगितलं.

तेव्हापासून माणूस लोटोवेडाच झाला म्हणा ना. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तो लोटो समजावून सांगायचा, आणि त्या बिचाऱ्याची भाजी गार व्हायची. त्याची बायको कस्तुरा म्हणायची, “ह्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी खऱ्या. एक बाबासाहेब अन् दुसरं कुलूप.” चेष्टा असली तरी त्याच्या लाइनवर वीस वर्षांत कोणाचं नखही दुखावलं नव्हतं, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं.

भोसरीच्या खोल्या सोडून दोघं शेलटेकडीच्या पायथ्याला राहायला आले त्यालाही आता सोळा वर्षं झाली. टेकडीवरचं लेणं म्हणजे एकच खोली. दहा माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढी, खिडकी नाही, आणि मधोमध कंबरभर उंचीचा गोल दगड. वस्तीवरची बौद्ध मंडळी त्याला स्तूप म्हणतात. गावची मंडळी त्याला शेलाई म्हणतात आणि शेंदूर लावतात. मंगळवारी गावच्या गुरवांची सावित्रीबाई तेल-शेंदूर घेऊन वर जायची. पौर्णिमेला कोंडीराम आणि कस्तुरा मेणबत्त्या घेऊन जायचे. सावित्रीबाई सांडलेलं मेण खरवडून काढायची, कस्तुरा सांडलेलं तेल पुसून घ्यायची. वाटेत गाठ पडली तर दोघी देवाधर्माचं काही बोलायच्या नाहीत, गुडघ्यांचं बोलायच्या. सावित्रीबाईचा मुलगा निरंजन कोंडीरामच्याच कंपनीत, त्याच्याच लाइनवर ऑपरेटर होता, त्यामुळे त्याच्या डब्याबद्दलही बोलायच्या.

मग कोणीतरी वर एक बोर्ड लावला. दुसऱ्या कोणीतरी त्याला रंग फासला. तिसऱ्यानं त्याचा व्हिडिओ केला आणि ज्यांनी जन्मात कधी शेलटेकडी पाहिली नव्हती अशी माणसं गाड्या भरभरून यायला लागली. दिवाळीनंतर पहिली दगडफेक झाली, दोघांची डोकी फुटली, तेव्हा पोलिसांनी दोन्ही बाजूंना बोलावून शांतता समिती नेमली. लेण्याला लोखंडी जाळीचं दार बसवायचं हे लगेच ठरलं. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर मात्र चार तास वाद झाला. गावाला वस्तीवर भरवसा नाही, वस्तीला गावावर नाही, आणि पोलिसांवर दोघांचाही नाही.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून कोंडीराम उठला आणि त्यानं लोटो सांगितला. चिमटा लावायचा, एका भोकात गावाचं कुलूप, दुसऱ्यात वस्तीचं. दोन्ही किल्ल्या आल्याशिवाय दार उघडणारच नाही. मंगळवारी सकाळी गावानं पूजा करायची, रविवारी सकाळी वस्तीनं वंदना घ्यायची, दोन्ही वेळेला दोन्ही किल्लीवाले हजर. सभेतले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या कंपनीत कामाला. समजावून सांगायची गरजच पडली नाही, माना डोलायला लागल्या. गावाची किल्ली सोपानरावांकडे गेली, ते देवीच्या उत्सवाचं सगळं पाहायचे. वस्तीची किल्ली कोंडीरामकडे आली. पोलिसांनी कागदाच्या शेवटी एक ओळ वाढवली: गडबड झाल्यास प्रथम दार बंद करावे.

तीन महिने ते दार नीट चाललं. दोन्ही किल्लीवाले मंगळवारी आठाला वर जायचे, कुलपं काढून आपापल्या हातात घ्यायचे, आणि सावित्रीबाईची पूजा होईपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे. रविवारीही तसंच. सोपानराव अधूनमधून म्हणायचे, “कोंडीराम राव, तुम्ही आम्हाला कंपनीतच नेऊन बसवलं की.” कोंडीरामला ते फार आवडायचं.

माघातल्या एका मंगळवारी उत्सवाची तयारी चालली होती. दाराबाहेर मांडवाचं कापड, चटया आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची थप्पी येऊन पडली होती. सावित्रीबाई आत दगडाला शेंदूर लावत होती. साडेआठच्या सुमाराला एका अंगानं घोषणा देत एक घोळका वर आला. दुसऱ्या अंगानं दुसरा आला. कोणता आधी आला यावर आजही दोन्हीकडे शपथा घेतल्या जातात. पहिला दगड पडला तो कट्ट्यावर, कोंडीरामच्या चहाच्या पेल्यापाशी.

कोंडीराम उठला आणि दाराकडे धावला. त्यानं आत पाहिलं. सावित्रीबाई दगडाला टेकून उभी होती, हात शेंदरानं लाल. तो म्हणाला, “सावित्रीबाई, मागं भिंतीला सरून बसा. मी कुलूप लावतो.” ती म्हणाली, “लावा दादा, लावा लवकर.” त्यानं दार ओढलं, चिमटा घातला, कुलूप दाबलं आणि किल्ली खिशात टाकली. सोपानराव मागून आले, त्यांनी आत बघितलं की नाही कोण जाणे, त्यांनी आपलं कुलूप दाबलं. कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हा कोंडीरामला हायसं वाटलं. हेच त्याला पुढं कोणाला सांगता येईना. पंचवीस वर्षं त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की कुलूप लागलं म्हणजे आतल्या माणसाला धोका नाही.

पण कंपनीत आत उतरणाऱ्याची किल्ली त्याच्याच खिशात असते. इथं आतलीच्या हातात शेंदराची वाटी होती. तीस जणांनी सह्या केल्या, त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यभर लोटो लावला, आणि एवढा फरक एकाच्याही ध्यानात आला नाही. दार रिकाम्या खोलीचं आहे असंच सगळे धरून चालले होते.

पुढचं सगळं थोड्या वेळात झालं. सोपानरावांच्या डोक्यात दगड बसला, त्यांना चौघांनी उचलून खाली नेलं आणि तिथून हॉस्पिटलला, किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. गर्दी उतरणीला लागली तसा कोंडीरामही लोटला गेला, आणि पायथ्याला ज्या चाळीस जणांना व्हॅनमध्ये कोंबलं त्यांत तो होता. व्हॅनच्या जाळीतून त्याला वर धूर दिसला. आधी पांढरा, मग खुर्च्यांनी पेट घेतल्यावर काळा. तो शिपायाला म्हणाला, “साहेब, आत बाई आहे. किल्ली माझ्याकडे आहे.” शिपाई म्हणाला, “खाली बस.” तो पुन्हा म्हणाला. शिपायानं पुन्हा खाली बसवलं. तिसऱ्यांदा त्यानं किल्ली जाळीतून बाहेर धरली, तेव्हा ती कोणीतरी घेतली. ती वर पोचली तोवर अग्निशमनवाल्यांनी चिमटा कापायला घेतला होता. चिमटा चांगल्या पोलादाचा होता, त्याला वेळ लागला.

सावित्रीबाईला भाजलं नव्हतं. धुरानं गेली. भिंतीला टेकूनच बसली होती, त्यानं सांगितलं होतं तिथंच.

आग कोणी लावली ते अजून ठरलेलं नाही. गावात म्हणतात, वस्तीवरल्यांनी बाईला कोंडून जाळलं. वस्तीवर म्हणतात, गावाच्याच मांडवाला गावाच्याच पोरांनी आग लावली आणि नाव आमचं घेतात. दोन्हीकडे बायका आता भाजीला वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. टेकडीवर पोलिसांचा तंबू पडलाय, तिथं ना शेंदूर जातो, ना मेणबत्ती.

कोंडीरामला दुसऱ्या दिवशी सोडलं. तो घरी आला, आंघोळ केली, जेवला, आठवड्यानं ड्यूटीवर गेला. लोकांना वाटलं, सावरला. त्याला काहीच होत नव्हतं. भाकरीला चव नव्हती पण तो ती खात होता, झोप येत होती, स्पॅनर हातात नीट बसत होता. आपण रडायला हवं हे त्याला कळत होतं. कस्तुरा मात्र रडायची, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. एकदा ती म्हणाली, “तुमी कामून असे दगडासारखे झालाव?” आपल्याला काही वाटत नाही याची तेवढी त्याला भीती वाटायची.

वस्तीच्या कमिटीचे अध्यक्ष दोनदा घरी येऊन गेले, सोबत वकील. त्यांनी व्हिडिओ दाखवला. त्यात दाराशी फक्त सोपानरावांचा हात दिसत होता, कुलूप दाबताना. सोपानराव शुद्धीवर आले होते, पण त्यांना त्या दिवसाचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. वकील म्हणाले, “काका, तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं. गर्दी झाली, मी आधीच खाली आलो, दार कोणी लावलं मी पाहिलं नाही. किल्ली तुमच्या खिशात होती ती रोजच असते.” अध्यक्ष म्हणाले, “तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही हा. तुम्ही ‘मी लावलं’ म्हणालात की सगळ्या वस्तीनं लावलं असं होतं. वीस पोरं आत आहेत अजून.” तेही खरंच होतं. निवृत्तीला सात महिने उरले होते. जबाबाची तारीख सोमवारची पडली. कोंडीराम बरं म्हणाला. त्याला तेव्हा कोणी काहीही सांगितलं असतं तरी तो बरंच म्हणाला असता.

शनिवारी निरंजन कामावर आला. डोकं भादरलेलं, त्यावर टोपी. कोणीही त्याच्याशी नीट बोलेना, आणि कोंडीरामशी तर कोणीच बोलेना. सुपरवायझरनं दोघांच्या मध्ये दुसरा माणूस टाकायचा प्रयत्न केला, पण त्या दिवशी माणसं कमी होती. दुपारी तीन वाजता प्रेसमध्ये पत्रा अडकला आणि दोघांनाच आत उतरावं लागलं. स्विचपाशी चिमटा अडकवला होता. निरंजननं आपलं लाल कुलूप लावलं. कोंडीरामनं आपलं काढलं आणि त्याला ते भोकात घालता येईना. हात पुढं जातच नव्हता.

निरंजननं त्याच्या हातातून कुलूप घेतलं, भोकात अडकवलं, दाबलं, आणि किल्ली परत त्याच्या हातावर ठेवली. “चला काका,” तो म्हणाला.

आत दोघं गुडघ्यांवर बसून पत्रा सोडवत होते. बाहेरचा आवाज तिथं कमी येतो. कोंडीराम म्हणाला, “निरंजन, ते कुलूप मी लावलं.”

निरंजन पत्रा ओढत राहिला.

“तुझी आई आत आहे हे बघून लावलं. मीच तिला मागं बस म्हटलं. सोपानरावांचं नंतर लागलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सोमवारी जबाब आहे.”

“मला म्हाईत हाय,” निरंजन म्हणाला.

कोंडीरामला वाटलं आता हा पान्हा उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं असंही त्याला वाटलं. निरंजननं हातमोजे काढले आणि मांडीवर ठेवले.

“आईला मी फोन केल्ता,” तो म्हणाला. “मी बायकोला सांगवीला सोडून परत येत व्हतो. नाशिक फाट्याला आलो तवा ग्रुपवर व्हिडिओ आला, वर गर्दी जमलीय म्हणून. म्हणून फोन लावला. तिनं उचलला. म्हणली, कोंडीरामदादांनी कुलूप लावलंय, आता मला कोण काय करतंय. तू येऊ नगंस इकडं, लागंल तुला. लोटो तिला मीच शिकवलेला, काका. दार बसलं त्या दिवशी. तिला भ्या वाटत व्हतं, तर मी म्हटलं, आई, कुलूप असलं की जीवाला धोका न्हाई. रोज लावतो आमी.”

कोंडीरामनं एकट्यानंच पत्रा ओढायला घेतला.

“मग मी गाडी बाजूला घेतली,” निरंजन म्हणाला. “टपरीवर चहा घेतला. भूक लागली व्हती म्हणून वडापाव खाल्ला. निवांत खाल्ला. दुसऱ्यांदा फोन केला तवा लागला न्हाई.”

बाहेरून सुपरवायझरनं विचारलं, झालं का. निरंजन म्हणाला, झालंच. पत्रा निघाला होता, तो दोघांनी मिळून बाहेर सरकवला.

“पोलिसांनी इचारलं, आई काय बोलली,” तो पुढं म्हणाला. “मी म्हटलं, आवाजच आला न्हाई नीट. घरात बी तसंच सांगितलंय. बायकोला बी. तुमचं तुमी सांगा काय सांगायचं ते. माझं तेवढं...” तो आधी बाहेर पडला, आपलं कुलूप काढलं आणि लाइनवर जाऊन उभा राहिला.

सोमवारी सकाळी कस्तुरानं विचारलं, काय सांगणार. तो म्हणाला, जे झालं ते. तिनं त्याला इस्त्रीचा शर्ट दिला. ती अडवेल असं त्याला वाटलं होतं, तिनं अडवलं नाही. जाताना म्हणाली, “सावित्रीबाई मला लई येळा सांगायची, तुमचं मालक देवमाणूस म्हणून.” त्यावर ती रडली, आणि तो चपला घालून निघाला.

ठाण्यात वकील थांबलेले होते. कोंडीराम त्यांच्याकडे न बघता टेबलाशी बसला. त्यानं सगळं क्रमानं सांगितलं, ब्रेकडाऊनचा रिपोर्ट सांगावा तसं. कल्पना माझी. दार मी ओढलं. बाई आत आहे हे पाहिलं होतं. पहिलं कुलूप माझं. अधिकाऱ्यानं मध्येच लिहिणं थांबवलं आणि विचारलं, “ओव्हाळ, काय बोलताय त्याचा अर्थ कळतोय ना?” तो म्हणाला, हो. वकील उठून बाहेर गेले.

अधिकाऱ्यानं पुन्हा पेन घेतलं. “कुलूप लावल्यावर त्या बाईंचं आतून कोणाशी बोलणं झालं होतं? मुलाच्या फोनवर चाळीस सेकंदांचा कॉल दिसतो. मुलगा म्हणतो ऐकू आलं नाही. ती काही म्हणाली असेल, सोडवा म्हणाली असेल, तर तुमच्यासाठी फरक पडतो. आणि आत सुरक्षित आहे असं म्हणाली असेल, तरी फरक पडतो. तुमच्याच फायद्याचं आहे. तुम्हाला काही कळलंय?”

“नाही,” कोंडीराम म्हणाला. “मला काही माहीत नाही.”

सबंध जबाबात तेवढं एकच खोटं होतं. अधिकाऱ्यानं तो वाचून दाखवला, त्यानं पानापानावर सही केली, आणि त्याला आज घरी जाता येणार नाही असं सांगण्यात आलं.